वृषणातल्या पेशी आणि त्यांची प्रथिनं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्राणिशास्त्राचे विद्यार्थी सेमिस्टरच्या तोंडावर प्रश्न पाठवतात. नव्याने आईबाबा झालेल्यांचे प्रश्न बहुधा रात्री उशिरा येतात आणि ‘विचारायला संकोच वाटतो, पण…’ अशी त्यांची सुरुवात असते. गोव्यात पेडण्यापासून काणकोणापर्यंत कुठूनही आलेले असोत, प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. संकोच वाटून घेऊ नका. हा शरीराचाच एक अवयव आहे आणि त्याच्याबद्दल मराठीत स्पष्ट लिहिलेलं फार कमी सापडतं.

एक गोष्ट बहुतेक उत्तरांत पुन्हा येईल, ती आधीच सांगते. नुसतं प्रथिनाचं नाव अर्धवट माहिती देतं. ते कोणत्या पेशीत दिसलं आणि कोणत्या वयात दिसलं, हे कळलं तरच त्याचा अर्थ लागतो.

१. वृषणात कोणकोणत्या पेशी असतात?

आधी तीन नावं पक्की करा: सर्टोली पेशी, लायडिग पेशी आणि जननपेशी. वृषणात बारीक, नागमोडी नलिका ठासून भरलेल्या असतात. नलिकेच्या भिंतीला टेकून सर्टोली पेशी उभ्या असतात आणि त्यांच्या आधाराने जननपेशी वाढतात. सगळ्यांत लहान वयाच्या जननपेशी भिंतीलगत असतात, तर तयार होत आलेले शुक्राणू मधल्या पोकळीकडे. नलिकांच्या मधल्या जागेत लायडिग पेशींचे पुंजके असतात आणि टेस्टोस्टेरॉन तिथे बनतं. याशिवाय नलिकेभोवती आकुंचन पावणाऱ्या चपट्या पेशी, रक्तवाहिन्या आणि प्रतिकारशक्तीच्या पेशीही असतात.

२. सगळ्या पेशींत डीएनए तोच, मग प्रथिनं वेगवेगळी कशी?

प्रत्येक पेशी सगळी जनुकं वापरत नाही. कोणतं जनुक चालू ठेवायचं हे डीएनएला चिकटणारी काही नियंत्रक प्रथिनं ठरवतात आणि डीएनए किती घट्ट गुंडाळलेला आहे यावरही ते अवलंबून असतं. जनुक चालू झालं की आधी त्याची आरएनए प्रत निघते आणि तिच्यावरून प्रथिन बनतं. या दोन टप्प्यांत वृषणात बरंच अंतर पडू शकतं (प्रश्न ८ पाहा).

३. गर्भात वृषण बनायला सुरुवात कोणतं प्रथिन करून देतं?

एसआरवाय. त्याचं जनुक वाय गुणसूत्रावर असतं आणि ते १९९० साली सापडलं. पुढच्याच वर्षी संशोधकांनी दोन एक्स गुणसूत्रं असलेल्या उंदराच्या भ्रूणात हे जनुक घातलं आणि तो नर म्हणून वाढला. एकट्या या जनुकाने वृषण घडवता येतं, याचा हा सरळ पुरावा होता.

माणसाच्या गर्भात सहाव्या-सातव्या आठवड्यापर्यंत जननग्रंथी दोन्हीकडे वळू शकेल अशा अवस्थेत असते. एसआरवाय तिथल्या आधारपेशींत दिसू लागतं आणि सॉक्स९ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाची पातळी वाढवतं. उंदरात एसआरवायचं काम जेमतेम दोन दिवसांचं असतं. त्यानंतर सॉक्स९ स्वतःच स्वतःला चालू ठेवतं आणि एफजीएफ९सारख्या स्रवणाऱ्या प्रथिनांची त्याला साथ मिळते. त्या आधारपेशी आता सर्टोली पेशी झालेल्या असतात. त्या जननपेशींना वेढून घेतात आणि नलिकांचा पहिला आराखडा तयार होतो.

परीक्षेत ‘एसआरवायमुळे मुलगा होतो’ एवढंच लिहून थांबू नका. एसआरवाय सुरुवात करून देतं, पण वृषण टिकवायला सॉक्स९ आणि डीएमआरटी१ ही प्रथिनं लागतात. सॉक्स९च्या जनुकात मोठा दोष असेल तर एसआरवाय शाबूत असूनही बऱ्याचदा वृषण नीट बनत नाही आणि त्याबरोबर हाडांचाही गंभीर विकार होतो.

४. एएमएच तर बायकांची तपासणी ना? मग माझ्या मुलाच्या रिपोर्टवर ती कशी?

हा प्रश्न आयांकडून सतत येतो, आणि गोंधळ होणं साहजिक आहे. बायकांमध्ये एएमएचवरून अंडाशयात बीजांडांचा साठा किती उरला आहे याचा अंदाज घेतात. पण हे प्रथिन शास्त्रज्ञांना माहीत झालं ते नरगर्भातल्या कामामुळे. १९४७ पासून पुढे आल्फ्रेड जोस्त यांनी सशांच्या गर्भांवर प्रयोग केले. गर्भाशय आणि बीजवाहिन्या ज्या नळ्यांपासून बनतात त्या नरगर्भात नाहीशा होतात, आणि हे घडवणारं द्रव्य वृषणातून येतं पण ते टेस्टोस्टेरॉन नाही, असं त्यांनी दाखवलं. ते द्रव्य म्हणजे सर्टोली पेशींनी बनवलेलं एएमएच.

जन्मानंतरही मुलाच्या सर्टोली पेशी ते भरपूर बनवत राहतात, वयात येईपर्यंत. म्हणून लहान मुलात वृषणं हाताला लागत नसतील, तर ती शरीरात कुठे आहेत की नाहीतच, हे कळायला डॉक्टर एएमएच बघतात. चांगली पातळी आली तर काम करणाऱ्या सर्टोली पेशी शरीरात आहेत. मुलाच्या रिपोर्टवरचा आकडा बायकांच्या तक्त्याशी ताडून पाहू नका. दोघांची सामान्य पातळी अगदी वेगळी असते.

५. टेस्टोस्टेरॉन हे प्रथिन आहे का?

नाही, ते कोलेस्टेरॉलपासून बनणारं स्टेरॉइड संप्रेरक आहे. पण ते बनवायला लायडिग पेशीत प्रथिनांची साखळी लागते. स्टार नावाचं प्रथिन कोलेस्टेरॉल मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्याकडे पोचवतं आणि पुढे एकेक विकर (एन्झाइम) त्यात रासायनिक बदल करतं. स्लाइडवर लायडिग पेशी ओळखायला हीच विकरं खुणेची म्हणून वापरतात. लायडिग पेशी आयएनएसएल३ नावाचं प्रथिन-संप्रेरकही बनवतात. गर्भात वृषण पोटातून खाली सरकण्याचा पहिला टप्पा त्याच्यामुळे पार पडतो. जांघेतून पिशवीत उतरण्याचा दुसरा टप्पा मुख्यतः टेस्टोस्टेरॉनच्या जोरावर होतो.

६. जन्मापासून वयात येईपर्यंत वृषण झोपलेलं असतं का?

पुस्तकांत तसं लिहिलेलं असतं, पण ते बरोबर नाही. जन्मानंतर पहिल्या काही महिन्यांत मुलाचं टेस्टोस्टेरॉन चांगलंच वर चढतं. साधारण एक ते तीन महिन्यांच्या दरम्यान ते शिखरावर असतं आणि सहा महिन्यांपर्यंत खाली येतं. याच काळात गर्भावस्थेतल्या जननपेशी आपली जुनी प्रथिनं, म्हणजे ऑक्ट४ आणि तशीच इतर, सोडून देतात आणि नलिकेच्या भिंतीशी जाऊन मूलपेशींसारख्या स्थिरावतात. पुढे आयुष्यभर शुक्राणू याच पेशींपासून बनतात.

मग एक कोडं उरतं, आणि मला हा सगळ्या विषयातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. टेस्टोस्टेरॉन इतकं चढलेलं असताना तान्ह्या बाळात शुक्राणू का बनत नाहीत, एएमएच का कमी होत नाही? वयात येताना तर टेस्टोस्टेरॉन वाढलं की एएमएच उतरतं. फरक आहे तो ग्राहक प्रथिनाचा. टेस्टोस्टेरॉनचा निरोप घेणारं अँड्रोजन ग्राहक प्रथिन तान्ह्या बाळाच्या सर्टोली पेशींत जवळजवळ नसतंच. ते पुढे हळूहळू वाढतं आणि आठ वर्षांच्या आसपास बहुतेक सर्टोली पेशींत दिसतं. संप्रेरक तेच आणि पेशीही तीच, फक्त एका प्रथिनाच्या असण्या-नसण्यामुळे परिणाम पूर्ण वेगळा होतो.

७. वयात येताना नेमकं काय बदलतं?

सर्टोली पेशी प्रौढ होतात. त्यांचं विभाजन थांबतं, एएमएच उतरतं आणि शेजारच्या सर्टोली पेशींना एकमेकींशी घट्ट जोडणारी क्लॉडिन-११ आणि ऑक्लुडिनसारखी प्रथिनं जोडावर नीट रचली जातात. यातून रक्त आणि नलिकेचा आतला भाग यांच्यात अडसर उभा राहतो. तो फार गरजेचा असतो, कारण वयात आल्यावर जननपेशींत जी नवी प्रथिनं येतात ती प्रतिकारशक्तीने पूर्वी कधी पाहिलेली नसतात.

जननपेशींत एकापाठोपाठ एक प्रथिनं येत-जात राहतात. रेटिनॉइक आम्लाच्या, म्हणजे अ जीवनसत्त्वापासून बनणाऱ्या द्रव्याच्या इशाऱ्यावर एसटीआरए८ दिसतं आणि पेशी अर्धसूत्री विभाजनाकडे, म्हणजे गुणसूत्रांची संख्या निम्मी करणाऱ्या विभाजनाकडे वळते. गुणसूत्रांच्या जोड्या जुळताना त्यांच्यावर एसवायसीपी३चे धागे उमटतात. शेवटी डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो ते हिस्टोन बहुतांशी निघून जातात. आधी संक्रमण प्रथिनं आणि मग प्रोटॅमिन त्यांची जागा घेतात. प्रोटॅमिन डीएनए इतका घट्ट बसवतं की शुक्राणूचं डोकं लहान आणि टणक होतं. माणसात या सगळ्या प्रवासाला सुमारे ७४ दिवस लागतात, उंदरात ३५.

म्हणूनच तापाने आजारी पडल्यावर किंवा एखादं औषध सुरू केल्यावर वीर्याची तपासणी लगेच करून फारसं कळत नाही. परिणाम दिसायला दोन-तीन महिने जावे लागतात.

८. पेशीत आरएनए सापडला, म्हणजे प्रथिन आहेच असं धरायचं का?

इतर अवयवांत बऱ्याचदा चालून जातं. वृषणात धरू नका. शुक्राणूचं डोकं आवळलं जाऊ लागलं की डीएनएवरून नव्या प्रती काढणं बंद पडतं, पण प्रथिनांची गरज तर अजून उरलेली असते. म्हणून पेशी लागणाऱ्या आरएनए प्रती आधीच काढून, प्रथिनांत गुंडाळून साठवते. आपल्याकडे पावसाळ्याआधी घराघरांत पुरुमेंत भरून ठेवतात तसंच. प्रोटॅमिनचा आरएनए शुक्राणू होण्याआधीच्या गोल पेशींत बनतो, पण प्रथिन काही दिवसांनी, पेशी लांबट होऊ लागल्यावर तयार होतं. १९९५ मध्ये उंदरांत हे प्रथिन मुद्दाम वेळेआधी बनवून पाहिलं, तर डीएनए अवेळी आवळला गेला आणि शुक्राणूंची वाढ अडली.

तेव्हा एकेका पेशीच्या आरएनएवरून काढलेले सुरेख रंगीत नकाशे पाहताना, प्रथिन त्या पेशीत आहे की पुढच्या टप्प्यात येणार आहे, हे स्लाइडवर तपासल्याशिवाय लिहू नका.

९. शरीरातली बहुतेक प्रथिनं वृषणात सापडतात हे खरं का?

जनुकांच्या बाबतीत खरं आहे. स्वीडनमधून चालणाऱ्या ह्यूमन प्रोटीन ॲटलासमध्ये पाहिलं तर माणसाच्या जनुकांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक जनुकं वृषणात चालू दिसतात, आणि खास एकाच अवयवात ठळकपणे चालणाऱ्या जनुकांची यादीही वृषणाचीच सर्वांत मोठी आहे.

काही ठिकाणी कारण स्पष्ट आहे. पीजीके१ हे साखरेपासून ऊर्जा मिळवायला लागणारं विकर सगळ्या पेशींना हवं असतं, पण त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. अर्धसूत्री विभाजनाच्या वेळी नराचं एक्स गुणसूत्र बंद केलं जातं. मग काम चालावं कसं? वेगळ्या गुणसूत्रावर पीजीके२ हे जुळं जनुक आहे आणि ते खास शुक्राणू घडवणाऱ्या पेशींत चालू होतं. बाकीची हजारो जनुकं तिथे का चालू असतात, यावर वाद आहे. डीएनए नव्याने बांधला जाताना तो मोकळा पडतो, त्यामुळे बऱ्याच जनुकांच्या प्रती उगाच निघत असाव्यात, असं एक मत आहे. त्यातल्या सगळ्यांची प्रथिनं बनतातच असं नाही (प्रश्न ८).

१०. बाळाच्या पिशवीत एका बाजूला गोळी लागत नाही. थांबू का?

सहा महिन्यांपर्यंत डॉक्टरांच्या नजरेखाली थांबता येतं. पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या शंभर मुलांत दोन-चार मुलांचं एखादं वृषण खाली उतरलेलं नसतं. पुष्कळांचं पहिल्या काही महिन्यांत आपोआप उतरतं, पण सहा महिन्यांनंतर ती शक्यता फार कमी उरते. म्हणून शस्त्रक्रिया साधारण सहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान करावी असा सल्ला दिला जातो. ‘मोठा झाला की येईल खाली’ असं घरातली वडीलधारी माणसं मायेने सांगतात. या एका बाबतीत त्यांचं ऐकू नका आणि बालशल्यचिकित्सकांना दाखवा. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात (गोमेकॉत) तो विभाग आहे.

घाई का, याचं उत्तर प्रथिनांत आहे. पिशवीचं तापमान शरीरापेक्षा दोन ते चार अंशांनी कमी असतं. थंडाव्यात वाढणारं सीआयआरपी हे प्रथिन जननपेशींत असतं आणि वृषण गरम राहिलं की ते घटतं. शिवाय पहिल्या महिन्यांतलं ते स्थित्यंतर (प्रश्न ६) न उतरलेल्या वृषणात अर्धवट राहतं आणि जननपेशी कमी होत जातात. पुढे वृषणाच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो.

मात्र आंघोळीच्या वेळी कोमट पाण्यात गोळी खाली दिसते आणि थंडीत वर जाते, असं असेल तर ते बहुधा वर-खाली होणारं वृषण असतं. त्याला सहसा शस्त्रक्रिया लागत नाही, पण दरवर्षी तपासून घ्या, कारण काहींचं नंतर वरच राहून जातं.

११. अकरा महिन्यांच्या मुलाच्या बायोप्सीत ‘ऑक्ट४ पॉझिटिव्ह’ आलं. इंटरनेटवर कर्करोग दाखवतं. काय समजायचं?

प्रौढ माणसाच्या वृषणात ऑक्ट४ असलेल्या पेशी दिसल्या तर ती कर्करोगाची किंवा त्याच्या आधीच्या अवस्थेची खूण असते, कारण त्या वयात हे प्रथिन तिथे असायलाच नको. पण गर्भात आणि जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यांत ते सामान्य जननपेशींतच असतं. वृषण उतरलेलं नसेल किंवा डाउन सिंड्रोम असेल, तर ते नेहमीपेक्षा जास्त काळ रेंगाळतं. त्यामुळे अशा बाळात तो शब्द वाचून लगेच धसका घेऊ नका. त्या पेशी नलिकेत कुठे आहेत, मधोमध की भिंतीलगत, हे पॅथॉलॉजिस्ट पाहतात आणि त्यावरून बरंच ठरतं. लहान मुलांच्या वृषणाच्या स्लाइड नेहमी वाचणाऱ्या तज्ज्ञाचं दुसरं मत मागा. असं मत मागण्यात कोणाचा अपमान नसतो.

१२. जिममध्ये प्रोटीन पावडर घेतो. त्याने वृषणातली प्रथिनं वाढतील का?

नाही. खाल्लेल्या प्रथिनाची पोटात अमिनो आम्लं होतात आणि कोणत्या पेशीत काय बनवायचं ते जनुकं ठरवतात.

धोका आहे तो इंजेक्शनचा. स्नायू वाढवायला बाहेरून टेस्टोस्टेरॉन किंवा तत्सम स्टेरॉइड घेतलं की मेंदूकडून येणारे एलएच आणि एफएसएच या संप्रेरकांचे निरोप बंद होतात. एलएच थांबलं की लायडिग पेशी काम थांबवतात. रक्तात टेस्टोस्टेरॉन भरपूर दिसत असताना वृषणाच्या आतलं टेस्टोस्टेरॉन, जे एरवी रक्तापेक्षा कितीतरी पट जास्त असतं, कोसळतं आणि शुक्राणू बनणं थांबतं. बाहेर दंड फुगतात आणि आत वृषणं आकसतात. बंद केल्यावर बहुतेकांचं काम परत सुरू होतं, पण त्याला महिनोन्‌महिने लागतात. पंचविशीतली मुलं लग्न ठरल्यावर हा प्रश्न विचारतात तेव्हा जीव तुटतो. घेत असाल तर आजच डॉक्टरांना खरं सांगा.

१३. वीर्यात शुक्राणू शून्य आहेत. एखाद्या प्रथिनावरून कारण कळतं का?

काही अंशी. रक्तातलं इन्हिबिन बी सर्टोली पेशींकडून येतं. ते फार कमी आणि एफएसएच जास्त असेल, तर शुक्राणू बनण्यातच अडचण आहे. वीर्यातल्या दोन प्रथिनांवरही चांगलं संशोधन झालं आहे. ईसीएम१ अधिवृषणातून, म्हणजे वृषणाला लागून असलेल्या शुक्राणू साठवणाऱ्या नळीतून येतं, त्यामुळे ते नसेल तर मार्ग बंद असल्याची शंका येते. टेक्स१०१ जननपेशींतून येतं, म्हणून ते सापडलं तर आत कुठेतरी जननपेशी आहेत. रोजच्या तपासण्यांत अजून शारीरिक तपासणी, संप्रेरकं, गुणसूत्रं आणि वाय गुणसूत्रावरच्या एझेडएफ भागांची तपासणी यांवरच भर असतो. आणि ही तपासणी नवऱ्याची आधी व्हायला हवी. बायकोच्या तपासण्यांत वर्षं घालवून मग नवऱ्याकडे वळणं हा तिच्यावर अन्याय आहे.

१४. वाय गुणसूत्र असून मुलगी, किंवा नसून मुलगा, असं होऊ शकतं का?

होतं. वडिलांच्या शुक्राणूत एसआरवायचा तुकडा एक्स गुणसूत्रावर गेला, तर एक्सएक्स असलेलं मूल मुलगा म्हणून वाढतं. त्याची वृषणं बनतात, पण शुक्राणू बनत नाहीत, कारण वायवरची बाकीची जनुकं तिथे नसतात.

उलट बाजूला, एक्सवाय व्यक्तीत अँड्रोजन ग्राहक प्रथिनच काम करत नसेल, तर वृषणं असतात, टेस्टोस्टेरॉनही बनतं, पण शरीराला त्याचा निरोप कळत नाही आणि ती मुलगी म्हणून वाढते. तिला गर्भाशय मात्र नसतं, कारण एएमएचने आपलं काम चोख केलेलं असतं. बहुतेकदा पाळी आली नाही म्हणून हे कळतं. तिसऱ्या प्रकारात एएमएच किंवा त्याचं ग्राहक प्रथिन सदोष असतं. अशा मुलात बाकी सगळं नेहमीसारखं, पण हर्नियाच्या शस्त्रक्रियेत आत छोटं गर्भाशय सापडतं.

ही माणसं आपल्या गावात, आपल्या नात्यात असतात. कोणाबद्दल असं कळलं तर ते त्यांचं खाजगी आहे.

१५. गर्भातल्या बाळाची एसआरवाय तपासणी गोव्यात करून मिळेल का?

लिंग कळावं म्हणून नाही. १९९४ च्या कायद्याने भारतभर गर्भलिंग निदानावर बंदी आहे.

१६. चोणक मासा आधी नर असतो आणि मग मादी होतो म्हणतात. त्याच्या वृषणाचं काय होतं?

बरोबर ऐकलंत. बाजारात लहान चोणक बहुतेक नर आणि थोराड ते बहुतेक मादी. गोबऱ्याचं उलट: आधी मादी, मग नर. माशांत एसआरवाय नसतंच, ते फक्त सस्तन प्राण्यांत आहे, तेही अंडी न घालणाऱ्या. चोणकाच्या वृषणात डीएमआरटी१ जास्त असतं, अंडाशयात अरोमाटेज, म्हणजे टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करणारं विकर. लिंगबदल होताना वृषणाचा भाग विरत जातो आणि उरलेल्या जननपेशींपासून बीजांडं बनू लागतात.

सस्तन प्राणी असा बदल करत नाहीत, पण त्यांच्यातही ही ओळख कायमची कोरलेली नसते. २०११ मध्ये प्रौढ नर उंदराच्या सर्टोली पेशींतून डीएमआरटी१ काढून टाकलं, तेव्हा त्या पेशी अंडाशयातलं फॉक्सएल२ प्रथिन बनवू लागल्या.

१७. मग मोरजीच्या कासवांचं लिंग कोण ठरवतं?

वाळूची ऊब. ऑलिव्ह रिडले मोरजी, आगोंद, गालजीबाग इथे अंडी घालतात. अंडी उबण्याच्या मधल्या काळात तापमान ३० अंशांच्या आसपासच्या सीमेखाली राहिलं तर जास्त नर, वर गेलं तर जास्त माद्या. थंड बाजूच्या भ्रूणांत सॉक्स९ टिकून राहतं, उष्ण बाजूच्यांत मावळतं. सुरुवात करून देणारं वेगळं असलं तरी पुढचे कामगार तेच (प्रश्न ३). वाळू दरवर्षी अधिक तापत गेली तर नर कमी होतील, ही काळजी खरी आहे.

१८. प्रोजेक्टसाठी म्हापशाच्या बाजारातून बोकडाचं वृषण आणलं. प्रथिन रंगवताना सगळंच तपकिरी येतं. चूक कुठे?

बाजारातून ऊतक आणणं चांगलं, त्यासाठी वेगळा प्राणी मारावा लागत नाही. मात्र कापल्यापासून किती वेळ गेला ते विचारा आणि शक्य तितक्या लवकर काम सुरू करा. वृषणाचं वेष्टन जाड असतं, म्हणून अख्खं वृषण द्रावणात बुडवून उपयोग नाही. वेष्टन कापून पाच मिलिमीटरचे तुकडे करा. साध्या फॉर्मॅलिनमध्ये नलिका आकसतात. बुआँ किंवा सुधारित डेव्हिडसन द्रावण बरं. बुआँ वापरलंत तर पिवळेपणा जाईपर्यंत ७० टक्के अल्कोहोलने धुवा. त्यातलं पिक्रिक आम्ल कधीही कोरडं पडू देऊ नका, ते स्फोटक असतं.

आता तपकिरी रंगाकडे या. पहिली अँटिबॉडी बकरीत बनवलेली असेल, तर दुसरी अँटिबॉडी बोकडाच्या स्वतःच्या अँटिबॉडींनाही चिकटते आणि नलिकांच्या मधली जागा सगळी रंगते. सशातली पहिली अँटिबॉडी घ्या. लायडिग पेशी त्यांच्या स्वतःच्या पेरॉक्सिडेजमुळेही रंगू शकतात, म्हणून आधी हायड्रोजन पेरॉक्साइडने ते मारा. आणि गोल पेशींच्या केंद्रकावर टोपीसारखा रंग दिसला तर जपून, कारण सशांच्या पुष्कळ अँटिबॉडी शुक्राणूच्या त्या टोपीला विनाकारण चिकटतात.

पहिली अँटिबॉडी न घातलेली एक स्लाइड आणि साध्या सशाच्या सीरमची एक, अशा दोन स्लाइड प्रत्येक वेळी सोबत ठेवा. मग एकच गोल नलिका निवडून भिंतीपासून पोकळीपर्यंत पेशी एकेक करून पाहा आणि वहीत ‘पॉझिटिव्ह’ असं न लिहिता कोणती पेशी, केंद्रक की बाहेरचा भाग, असं लिहा.